बाळोती, पाळणाघर आणि आपण



स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाचा लेख म्हटला की तो एखाद्या किल्ल्यावर किंवा लढाईवर असणार, असे आपण धरून चालता. पावसहून दक्षिणेला गेले की पूर्णगडचा किल्ला आहे, त्याखाली मुचकुंदीची खाडी आहे, आणि त्याविषयी लिहिणे मला अवघडही नव्हते. पण या वर्षी मी मुद्दाम असा विषय घेतला आहे की ज्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात धडा नाही. तान्ह्या बाळाचे ओले बाळोते बदलणे, हा तो विषय होय. आपण हसाल, हे मी गृहीत धरले आहे. परंतु लेख पुरा वाचल्यावर हसण्यासारखे त्यात किती होते, हे आपणच ठरवावे.

प्रथम एक साधे गणित मांडतो. तान्ह्या बाळाचे बाळोते दिवसातून कमीत कमी सहा वेळा बदलावे लागते असे धरू. वर्षाला ही संख्या 2190 होते. प्रत्येक वेळी पाच मिनिटे धरली तर वर्षाची 10950 मिनिटे, म्हणजे सुमारे 182 तास होतात. आमच्या शाळेच्या भाषेत सांगायचे तर 35 मिनिटांच्या 312 तासिका! कोणत्याही विषयाला वर्षभरात इतक्या तासिका मिळत नाहीत. या तासिकांत एक मोठे माणूस एका लहान माणसासमोर, हातभर अंतरावर बसलेले असते. मग या वेळात बाळ काय शिकते? आपण नाक मुरडतो, घाई करतो, ओढाओढ करतो, हे शिकते, की आपल्याशी कोणी प्रेमाने बोलते, आपल्याला विचारून हात लावते, हे शिकते? हाच या लेखाचा प्रश्न आहे.

घरातील जुनी शाळा

आपल्या कोकणातील घरांत या प्रश्नाचे उत्तर पूर्वी न विचारताच मिळत असे. पुरुषमंडळी बोटीवर खलाशी म्हणून, मुंबईला नोकरीला, आणि 1973 नंतर तेलाचे भाव वाढल्यावर मोठ्या संख्येने आखातात गेली. घरी राहिल्या त्या बायका. बाळंतिणीच्या खोलीत दादी, नानी, फुफी, शेजारीण अशा चार जणी तरी असत. जुन्या सुती साड्यांचे चौकोनी तुकडे फाडून बाळोती केली जात. नवे कापड बाळाच्या अंगाला बोचते, दहा वर्षे धुतलेली साडी बोचत नाही, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. पावसाळ्यात ती वाळवण्यासाठी चुलीवर टांगलेल्या काठीचा उपयोग होई, आणि त्यांना ओवा-धुपाच्या धुरीचा वास येई.

माझ्या दादीचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. मागल्या पडवीत ती पाय लांब करून बसे आणि बाळाला आपल्या नडगीवर घेई. बाळाचे तोंड तिच्या तोंडासमोर येई. मग कोमट पाणी, तेलाचे बोट आणि अखंड बोलणे. “आता हा पाय दे पाहू, आता तो दे. हा कोणाचा अंगठा?” बाळ हुंकार देई, दादी तो हुंकार परत देई. वर पाळण्याला सावंतवाडीचे रंगीत लाकडी चिमणाळे टांगलेले असे. दादीला सही करता येत नव्हती. परंतु बाळाला अवयवांची नावे, पुढे-मागे, वर-खाली, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सर्व ती त्या पाच मिनिटांत शिकवीत होती. बोलीभाषेचा पहिला तास आपल्या घरांत अशा रीतीने भरत असे.

या ठिकाणी आपल्या समाजातील एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. तहारतीला आपण फार महत्त्व देतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ काही जण असा करतात की बाळाने कपडे ओले केले की त्याच्यावर डोळे वटारावेत, आणि पुरुषाने तर त्या कामाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की, एका बाईने आपले तान्हे मूल प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या मांडीवर दिले असता त्याने त्यांचे कपडे ओले केले. त्यांनी पाणी मागवून ते त्यावर टाकले, आणि गोष्ट तेथेच संपली. बाळावर राग नाही, आईला बोल नाही. पाणी आणि शांतपणा, एवढेच तेथे पुरेसे झाले. यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अफूची गोळी

आता घराबाहेर पडू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांना सर्वाधिक मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत आपला रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. पुरुषांबरोबर काही बायकाही गेल्या आणि गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत कामाला लागल्या. गावच्या पडवीतली दादी मात्र मागे राहिली. चाळीच्या खोलीत बाळ कोणाजवळ ठेवावे? दहा-दहा तास ते ओले, भुकेले राहिले तर रडणार, आणि रडले तर शेजारी तक्रार करणार. या अडचणीवर जो उपाय निघाला तो फार भयंकर होता. कामावर जाण्यापूर्वी आया बाळाला अफूची लहानशी गोळी देत. बाळ गुंगीत पडून राही. ते रडत नसे, कारण त्याला रडण्याचीही शुद्ध नसे.

मुंबईत त्या काळी पाहणी करणाऱ्या डॉक्टरांनी 1920 च्या दशकात या प्रथेकडे लक्ष वेधले. जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली 1929 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 च्या आपल्या अहवालात कामगारांच्या स्थितीचा विचार करताना या अफूचाही विचार केला आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. आयांना दोष देणे सोपे होते. परंतु बाळाला ठेवायला जागाच नसेल तर आईने काय करावे, हा त्यातील खरा प्रश्न होता.

यानंतर कायद्याने हळूहळू पावले टाकली. बाळंतपणाच्या लाभाचा देशातील पहिला कायदा 1929 मध्ये मुंबई प्रांताने केला. 1934 च्या फॅक्टरी कायद्याने, पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम 48 ने ती गोष्ट बंधनकारक केली. खोली हवेशीर, उजेडाची व स्वच्छ हवी, तेथे बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या बायका हव्यात, असे त्यात म्हटले होते. एवढेच नव्हे, तर मुलांचे कपडे धुण्याची व बदलण्याची सोय करावयास लावण्याचा अधिकारही त्याच कलमात राज्य सरकारला दिला गेला. 1976 मध्ये पन्नासची मर्यादा तीसवर आणली गेली. देशाच्या कायद्यात बाळाच्या ओल्या कपड्याला जागा मिळाली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. इतिहास केवळ तहांनी घडत नाही. तो अशा कलमांनीही घडतो.

स्वच्छ खोली पुरेशी असते काय?

कायद्याने खोली दिली. पण खोलीत बाळाशी बोलणार कोण? या प्रश्नाचा विचार त्याच सुमारास जगात अन्यत्र चालू होता. 1945 मध्ये रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी अनाथालयातील बाळांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे खाणेपिणे व स्वच्छता यांची काळजी घेतली जात होती, परंतु एकेका दाईकडे अनेक बाळे असल्याने कोणाच्याच वाट्याला जिव्हाळ्याचा सहवास येत नव्हता. ती बाळे मागे पडत गेली, आजारी पडत गेली. दुसरीकडे, तुरुंगात असलेल्या आयांजवळ वाढणारी बाळे त्यांच्यापेक्षा चांगली वाढली. चुन्याने रंगवलेली भिंत आणि धुतलेली चादर बाळाला वाढवीत नाही, माणूस वाढवतो, हा त्याचा सारांश.

दुसऱ्याच वर्षी, 1946 मध्ये, हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे डॉ. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी लोत्सी नावाच्या रस्त्यावर निराधार बाळांसाठी एक गृह सुरू केले. नुकतेच महायुद्ध संपले होते, माणसे थोडी आणि बाळे पुष्कळ होती. प्रत्येक बाळाला दिवसभर कडेवर घेणे अशक्य होते. तेव्हा पिकलरबाईंनी विचार केला की दूध पाजणे, आंघोळ घालणे आणि लंगोट बदलणे ही कामे तर टळणार नाहीत. मग तीच वेळ संपूर्णपणे त्या एका बाळाला द्यावी. त्यांनी दायांना शिकवले की बाळाला हात लावण्यापूर्वी, आपण काय करणार ते त्याला सांगा. मग क्षणभर थांबा. त्याने हात पुढे केला, पाय उचलला, तर तो स्वीकारा. घाई करू नका. बाळ हे काही गाठोडे नव्हे, ते या कामातील भागीदार आहे. पिकलरबाई 1984 मध्ये वारल्या, परंतु त्यांची पद्धत पुढे अनेक देशांतील पाळणाघरांत पोहोचली.

वाचकहो, हे वाचताना मला पडवीतली माझी दादी आठवली. जे बुडापेस्टमध्ये दायांना प्रयत्नपूर्वक शिकवावे लागले, ते आमच्या घरातील निरक्षर बाई सहज करीत होती. फरक इतकाच की, पिकलरबाईंनी ते लिहून ठेवले, तपासून पाहिले, आणि आपण ते विसरत चाललो.

बोर्डी, कोसबाड आणि कडेवरची ताई

आपल्या महाराष्ट्राकडे वळताना दोन नावे आदराने घेतली पाहिजेत. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डी येथे गेल्या आणि ग्राम बालशिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केला. अनुताई वाघ (1910–1992) त्यांना तेथे येऊन मिळाल्या. नंतर हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या पाड्यांत गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली पाहिजे, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. तेथे पाटी-पेन्सिलीच्या आधी मुलांना धुणे, पुसणे, केस विंचरणे असे. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ही की, मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून कोसबाडच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. ताईने धाकट्याला पाळणाघरात ठेवायचे आणि शेजारच्या वर्गात स्वतः बसायचे! बाळाची सोय झाली की ताईचे शिक्षण झाले. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचा खरा गौरव वर्गात बसलेल्या त्या ताया होत्या.

ही कोसबाडची जुनी गोष्ट आहे असे समजून पुढे जाऊ नका. फेब्रुवारीपासून काजू-आंब्याचा हंगाम सुरू झाला की माझ्या हजेरीपटात काही मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. अशा एका मुलीच्या घरी मी गेलो होतो. आई बागेत कामाला, वडील परदेशी. मुलगी अंगणात बाळाचे बाळोते बदलत होती, आणि शेजारी इतिहासाचे पुस्तक उघडे पडले होते. मला पाहून ती ओशाळली. खरे म्हणजे ओशाळण्याची पाळी माझी होती. तिच्या हातातील काम तिच्या पुस्तकात कोठेच नव्हते, आणि पुस्तकातले काही तिच्या हाताशी येत नव्हते. या लेखाची कल्पना मला त्या अंगणात सुचली.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ हे काम सुरू केले. 1972 मध्ये ते मुंबईत आले. इमारत जेथे उभी राहते तेथेच पाळणाघर, हे त्याचे तत्त्व. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. त्यांपैकी एक ठिकाण आपल्या राज्यातील धारणी हे होते. तिच्यामुळे अंगणवाडी गावोगावी गेली. मात्र तीन वर्षांखालील बाळाला दिवसभर सांभाळण्याची सोय त्यात नव्हती. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करण्यात आले. पण पावससारख्या गावात बागेत, मासळीवर, किंवा काजू फोडायला जाणाऱ्या आईला अशा कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो.

आजची गोळी

साधनेही बदलली. 1849 मध्ये अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि लंगोटाची गाठ सुटली. 1961 मध्ये तिकडे पॅम्पर्स बाजारात आले, वापरून टाकून देण्याची सोय झाली. आता ही पाकिटे आपल्या गावच्या दुकानातही टांगलेली दिसतात. आईचे श्रम वाचले, याचा आनंदच आहे. परंतु जे काम दिवसातून सहा-आठ वेळा होत होते ते तीनवर आले, आणि त्याबरोबर ती समोरासमोरची मिनिटेही कमी झाली. त्यांची भरपाई आपण कोठे करतो?

येथे मला स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. माझी मुलगी सात-आठ महिन्यांची असताना लंगोट बदलताना फार वळवळ करीत असे. मी युक्ती काढली. मोबाईलवर गाणे लावून तो तिच्या डोळ्यांसमोर धरायचा. ती एकदम निपचित पडून राही, आणि माझे काम दोन मिनिटांत उरके. मला माझ्या युक्तीचा अभिमान वाटत होता. एके दिवशी वर्गात गिरणी कामगारांचा धडा शिकवताना मी अफूच्या गोळीविषयी सांगत होतो. “मग बाळ रडत नसे,” असे म्हणालो आणि माझे वाक्य घशातच अडकले. गिरणीतल्या आईला तरी दुसरा मार्ग नव्हता. मला कोणती अडचण होती?

त्या दिवसापासून मी दादीची पद्धत धरली. पहिले चार दिवस मला स्वतःलाच लाज वाटली, कारण न बोलणाऱ्या बाळाशी बोलायचे काय? पण बोलत राहिलो. “आता ओले काढूया. पाणी गार आहे हां. आता पाय वर.” दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी मी “पाय वर” म्हणालो आणि थांबलो. तिने आपण होऊन दोन्ही पाय वर उचलले, आणि माझ्याकडे पाहून हसली. माझ्या शिक्षकी पेशात विद्यार्थ्यांकडून पुष्कळ उत्तरे मिळाली आहेत. त्या उत्तराची सर एकालाही नाही.

आपण काय करावे?

आई-वडील, आजी-आजोबा, अंगणवाडीच्या ताई आणि पाळणाघर चालवू इच्छिणाऱ्या भगिनी यांच्यासाठी काही गोष्टी येथे नमूद करतो.

पाणी, कापड, कोरडे बाळोते, सर्व आधी हाताशी घ्यावे, म्हणजे मध्येच उठावे लागत नाही. उंच जागेवर बाळाला निजवले असेल तर एक हात सतत त्याच्या अंगावर असावा. निजवायला जमिनीवरची चटई सर्वांत सुरक्षित. कामाआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. बाळ खेळण्यात रमले असेल तर त्याला मागून एकदम उचलू नये, समोर येऊन सांगावे, मग उचलावे. प्रत्येक कृती करण्यापूर्वी ती सांगावी, आणि त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे. आपल्या घरची बोली बोलावी. उर्दू, मराठी, कोकणी कोणतीही चालेल, पण ती मनापासूनची असावी. बाळाच्या हातात कोरडे बाळोते धरायला द्यावे, म्हणजे त्यालाही काम मिळते. वर एखादे चिमणाळे किंवा भिंतीशी घट्ट बसवलेला लहान आरसा असावा. पाळणाघरात शक्यतो एका बाळाचे हे काम रोज एकाच बाईने करावे. आणि “शी, घाण!” हे शब्द तोंडातून काढू नयेत. बाळाला त्यांचा अर्थ कळत नसेल, पण आपला चेहरा कळतो.

वडिलांना विशेष विनंती आहे. परदेशातून सुट्टीवर आल्यावर आपण बाळासाठी खेळणी आणता. त्या दोन महिन्यांत रोज एकदा तरी हे काम आपण करावे. खेळणी मोडतात. हाताची ओळख मोडत नाही.

शेवटी आपल्या संस्थेपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. शाळेच्या आवारात, निदान काजू-आंब्याच्या हंगामाचे चार महिने, एक खोली पाळणाघरासाठी द्यावी. शासनाने अंगणवाडीला जोडून ‘पाळणा’ नावाची योजना आणली आहे, तिचा लाभ गावाला मिळवता येईल काय, याची चौकशी करावी. वरच्या वर्गांतील मुलींना आणि मुलांनाही बालसंगोपनाचे थोडे शिक्षण तेथेच द्यावे. यासाठी मोठ्या देणगीची गरज नाही. एक हवेशीर खोली, चटया, पाण्याची सोय, आणि बाळाशी बोलणाऱ्या दोन समंजस बायका एवढे पुरे आहे. अशा अनेक दाद्या-नान्या आपल्या मोहल्ल्यात आजही आहेत. त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामाला योग्य मान आणि मोबदला देण्याची ही संधी आहे.

येत्या फेब्रुवारीत मी हजेरीपट उघडीन तेव्हा त्या मुलींच्या नावांपुढे हजेरीच्या खुणा असाव्यात, आणि शेजारच्या खोलीतून कोणाच्या तरी धाकट्या भावाचा हुंकार ऐकू यावा, अशी माझी इच्छा आहे. ती पुरी करणे आपणा सर्वांच्या हाती आहे.